प्रिंट दिली, प्रिंट आली

ओरॅकलच्या डेटाबेसमधून नेटवर्क प्रिंटरला थेट मजकूर पाठवणं आज पाच-सात ओळींचं काम आहे. यूटीएल_टीसीपी नावाचं पॅकेज डेटाबेससोबतच येतं. त्याला प्रिंटरचा आयपी पत्ता आणि ९१०० हा पोर्ट द्यायचा, जोडणी उघडायची, टेबलातल्या ओळी एकामागून एक लिहायच्या, पान संपलं की फॉर्म फीडचा बाइट टाकायचा आणि जोडणी बंद करायची. ११जी आवृत्तीपासून त्या पत्त्यावर जाण्याची परवानगी डीबीएकडून आधी नोंदवून घ्यावी लागते, एवढीच आडकाठी. प्रोसीजर बिनबोभाट चालते, एरर येत नाही, टेबलात ‘चलन छापले’ अशी खूण होते. आणि डिस्पॅचमधून फोन येतो की प्रिंट आलीच नाही, ट्रक खोळंबलाय.

प्रिंट दिली आणि प्रिंट आली यांच्यामध्ये ही जी फट आहे, तिला साठहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो चाळताना माझं एक मत पक्कं होत गेलं. माहिती कागदापर्यंत कशी न्यायची, हा प्रश्न प्रत्येक पिढीतल्या इंजिनिअरांनी फार हुशारीने सोडवला. कागदाची बातमी माहितीकडे परत कशी आणायची, हे मात्र दर वेळी मागाहून, उरल्यासुरल्या वेळात पाहिलं गेलं.

सुरुवातीला ही फट नव्हतीच. हर्मन हॉलेरिथच्या यंत्रांनी अमेरिकेची १८९० ची जनगणना मोजली तेव्हा ती यंत्रं छापत नव्हती. तबकड्यांवरचे आकडे कारकून बघून कागदावर उतरवायचा. छापणारं टॅब्युलेटर आधी आणलं ते त्याचा प्रतिस्पर्धी जेम्स पॉवर्स याने, आणि हॉलेरिथची कंपनी ज्या समूहात विलीन झाली होती (१९२४ पासून त्याचं नाव आयबीएम) त्या समूहाला मागून धावत यावं लागलं. या घराण्यातलं सगळ्यात कर्तबगार यंत्र म्हणजे १९४९ चं आयबीएम ४०७. एका बाजूने पंच केलेल्या कार्डांचा गठ्ठा लावायचा, वरून छापलेला कागद निघायचा. ओळीत १२० छापचक्रं, मिनिटाला १५० ओळी. कार्डाच्या कुठल्या रकान्यातला आकडा कागदावर कुठे उमटायचा, हे एका पॅनेलवर तारा खोचून ठरायचं. एक तार चुकली की रकमेच्या जागी गिऱ्हाइकाचा नंबर.

मुद्दा असा की इथे माहिती, हिशेब आणि छपाई एकाच पेटीत होती. कागद फाटला तर यंत्रापाशी उभ्या माणसाला तो फाटताना दिसायचा; तो यंत्र थांबवायचा, शेवटची दोन-चार कार्डं काढून पुन्हा घालायचा. पाठवलेलं पोचलं का, असा प्रश्न कुणाला पडायचं कारण नव्हतं.

४०७ सारख्या यंत्रांनी आणखी एक वारसा मागे ठेवला आणि तो आजही चालू आहे. कार्डं विभागवार लावलेली असायची. विभाग क्रमांक बदलला की यंत्र थांबून त्या विभागाची बेरीज छापायचं आणि पुढे जायचं. १९५९ मध्ये आयबीएमने आरपीजी ही भाषा काढली. तारा खोचणाऱ्या माणसांना ती परकी वाटू नये म्हणून तिचा प्रोग्रॅम टॅब्युलेटरच्याच फेऱ्यांनी चालायचा: कार्ड वाच, क्रमांक बदलला का पाहा, बदलला तर बेरीज, मग तपशिलाची ओळ. ओरॅकलच्या एसक्यूएल*प्लसमध्ये ब्रेक आणि कम्प्यूट अशा दोन आज्ञा अजून आहेत, आणि त्या हेच करतात. पगारपत्रकावर विभागवार बेरीज छापून घेणारा आजचा प्रोग्रॅमर नकळत त्याच तारा खोचत असतो.

त्याच १९५९ च्या ऑक्टोबरमध्ये आयबीएम १४०१ हा संगणक आणि त्याच्याबरोबर १४०३ हा लाइन प्रिंटर जाहीर झाला. हा प्रिंटर थोडं जवळ जाऊन बघण्यासारखा आहे. अक्षरांची एक साखळी कागदासमोरून आडवी गरगर फिरत असायची, आणि १३२ जागांपैकी प्रत्येक जागेला एक हातोडी. हवं ते अक्षर त्या जागेसमोर आलं की नेमक्या क्षणी हातोडी कागदाला मागून ठोका द्यायची. मिनिटाला ६०० ओळी. कागद कुठे थांबायचा हे ठरवायला कागदी पट्टीचं एक कडं असायचं, त्यावर बारा रांगा; पहिल्या रांगेतलं भोक म्हणजे पानाचा माथा. प्रोग्रॅमने सांगितलेल्या रांगेत भोकच नसेल तर कागद थांबायचाच नाही, कारंज्यासारखा उसळत राहायचा. नंतरच्या कितीतरी टर्मिनलांवर आणि रिपोर्टांत १३२ हा रुंदीचा आकडा दिसतो, तो या लाइन प्रिंटरांचा.

फट पडली ती इथे. आयबीएम ७०९० सारखे मोठे संगणक इतके महाग होते की त्यांना प्रिंटरच्या वेगाने चालवणं परवडत नव्हतं. म्हणून ७०९० निकाल टेपवर लिहायचा, माणूस ती टेप उचलून शेजारच्या १४०१ वर चढवायचा, आणि १४०३ त्यावरून छापायचा. मोठ्या संगणकाच्या दृष्टीने काम टेपवर लिहिताच संपलेलं असायचं. कागद अडकला, शाई पुसट आली, तर ते टेप नेणाऱ्या माणसाला कळायचं. हिशेब करणाऱ्या यंत्राला कधीच नाही. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० आला तो याच रिवाजाच्या काळात: कार्डं द्यायची आणि छापील निकालाची वाट बघायची.

मग त्या माणसाची जागा डिस्कने घेतली. प्रोग्रॅम ज्याला प्रिंटर समजून लिहितो ती असते डिस्कवरची फाइल; दुसराच एक प्रोग्रॅम सवडीने ती फाइल खऱ्या प्रिंटरला देतो. याला स्पूलिंग म्हणतात. मँचेस्टरच्या ॲटलस संगणकावर १९६२ मध्ये याचं सुरुवातीचं रूप होतं, ते टेपवर. ह्यूस्टनला नासाच्या केंद्रासाठी त्याच दशकात लिहिला गेलेला हास्प हा प्रोग्रॅम यातला सगळ्यात गाजलेला. रांग आली, अग्रक्रम आला, एका प्रिंटरवर शंभर जणांचं काम सुखाने चालू लागलं. स्पूलिंग नसतं तर संगणक मोठ्या कचेऱ्यांत टिकलेच नसते, हे मान्य करूनही एक गोष्ट सांगायला हवी: याच टप्प्यावर ‘छापलं’ आणि ‘रांगेत ठेवलं’ यांतला फरक प्रोग्रॅमच्या नजरेआड झाला, आणि तो आजतागायत नजरेआडच आहे.

प्रिंटर तारेने जाळ्याला जोडला गेला तो कॅलिफोर्नियात पालो आल्टोला, झेरॉक्सच्या पार्क या प्रयोगशाळेत. गॅरी स्टार्कवेदर याने लेझरने छापायची कल्पना झेरॉक्सच्याच न्यूयॉर्क राज्यातल्या प्रयोगशाळेत धरून ठेवली होती. तिथे वरिष्ठांना ती पटली नाही, म्हणून तो १९७१ मध्ये पार्कला आला. १९७३ मध्ये तिथेच रॉबर्ट मेटकाफ याने इथरनेटचं टिपण लिहिलं. ऑल्टो संगणक, इथरनेट आणि लेझर प्रिंटर यांची जोडणी काही वर्षांत तिथे रोजच्या वापरात आली. आपल्या टेबलावरून पान धाडायचं आणि व्हरांड्यातल्या प्रिंटरवरून उचलून आणायचं, ही आज अंगवळणी पडलेली सवय तिथली.

परतीच्या बातमीचं मोल ज्यांना कळलं त्यांतला एक माणूस एमआयटीत होता. तिथल्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक जुना ग्राफिक्स प्रिंटर होता. तो एकीकडे, काम करणारे वेगवेगळ्या जागी, आणि कागद सारखा अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन याला अडकणं दुरुस्त करता येत नव्हतं, पण प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम त्याच्या हातात होता. त्याने त्यात भर घातली: कागद अडकला की ज्यांची कामं रांगेत आहेत त्यांच्या पडद्यावर तसा निरोप जावा. दहा जणांना निरोप गेला की एखादा तरी उठून कागद सोडवणार. पुढे १९८० च्या सुमारास झेरॉक्सने नवा, कितीतरी वेगवान लेझर प्रिंटर दिला. त्याच्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर मात्र दिला नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठात तो एका संशोधकाकडे होता. स्टॉलमनने तिथे जाऊन मागितला. गुप्ततेचा करार झाल्याने त्या संशोधकाने नकार दिला. स्टॉलमनने १९८३ च्या सप्टेंबरात मुक्त सॉफ्टवेअरची जी ग्नू योजना जाहीर केली, तिच्या पोटात हा नकार आहे, असं तो स्वतः सांगत आला आहे. ही गोष्ट सांगताना लोक मालकीहक्कावर थांबतात. मला तिच्यातली गरज जास्त महत्त्वाची वाटते. त्याला हवी होती ती प्रिंटरकडून परत येणारी एक ओळ.

त्याच १९८३ मध्ये बर्कलीच्या युनिक्समध्ये, ४.२ आवृत्तीत, राल्फ कॅम्पबेल याने लिहिलेला लाइन प्रिंटर स्पूलर आला. एलपीडी या नावाने तो जगभर पसरला आणि त्याची बोली १९९० च्या ऑगस्टमध्ये आरएफसी ११७९ या इंटरनेटच्या दस्तऐवजात लिहून काढली गेली. पोर्ट ५१५. बोली इतकी साधी की अजून बहुतेक नेटवर्क प्रिंटरांना ती समजते. आज्ञेचा पहिला बाइट २ असेल तर ‘काम घे’, ५ असेल तर ‘काम काढून टाक’. कामाबरोबर दोन फाइली: एक नियंत्रणाची, एक मजकुराची. डेटाबेसमधून हे करू बघणाऱ्याला लगेच दोन ठेचा लागतात. मजकूर किती बाइटांचा आहे हे आधी सांगावं लागतं, म्हणजे क्वेरीचा सगळा निकाल गोळा करून मोजल्याशिवाय एक ओळही पाठवता येत नाही. आणि नियंत्रण फाइलीत लहान एफ हे अक्षर दिलं तर साध्या मजकुरापलीकडचे नियंत्रण बाइट गाळले जातात आणि बारकोडच्या आज्ञांचा चुरा होतो. तिथे लहान एल द्यावं लागतं.

तिसरी ठेच मोठ्या कारखान्यातच कळते. पाठवणाऱ्याने स्वतःच्या बाजूला ७२१ ते ७३१ यांपैकीच पोर्ट वापरावा असा त्या आरएफसीचा दंडक आहे. हे झाले अकरा. टीसीपीची जोडणी बंद केल्यावर तो पोर्ट काही काळ अडकून राहतो. त्यामुळे लेबलं भराभर पाठवली की अकरा जोडण्यांनंतर बारावी थबकते. प्रिंटर मोकळा, नेटवर्क मोकळं, डेटाबेस तयार, आणि तरी सगळं उभं. नियम न जुमानणारे क्लायंट त्यामुळेच सर्रास वापरात आले.

आणि परतीची बातमी? प्रत्येक टप्प्यावर समोरून एक बाइट येतो. तो शून्य असेल तर ठीक. ते शून्य ‘मजकूर मिळाला’ असं सांगतं. कागदाबद्दल ते काहीही सांगत नाही. रांगेत काय आहे हे विचारायची आज्ञा आहे, पण उत्तर माणसाने वाचायच्या मजकुरात येतं आणि ते कसं दिसावं याचा ठराव नाही.

१९९१ मध्ये एचपीचा लेझरजेट थ्री एसआय आला, त्याच्यात जेटडायरेक्ट हे नेटवर्क कार्ड बसवलेलं मिळायचं. पोर्ट ९१०० वर जे येईल ते छापायचं, इतकीच त्याची बोली. ना आज्ञा, ना फाइल, ना शून्य. यूटीएल_टीसीपीसारख्या हत्याराला ही देणगीच होती. प्रिंटरशी बोलायची सोय त्यातही आहे, कारण जोडणी दोन्ही दिशांनी चालते. एचपीच्या पीजेएल या भाषेत आधी यूस्टेटसची आज्ञा दिली तर काम संपल्यावर प्रिंटर त्याच जोडणीवरून तसं कळवतो, पानं किती झाली तेही. पण त्यासाठी मजकूर लिहून झाल्यावर जोडणी उघडी धरून ऐकत बसावं लागतं. बहुतेक प्रोग्रॅम लिहितात आणि निघून जातात. सोय तीस वर्षं पडून आहे.

डेटाबेसवाल्यांच्या बाजूने मात्र हा पेच फार आधी नेमकेपणाने मांडला गेला होता. जिम ग्रे याने १९८१ च्या ट्रान्झॅक्शनवरच्या प्रसिद्ध निबंधात कृतींचे तीन प्रकार केले. काही कृती उलटल्या नाहीत तरी बिघडत नाही. काही उलटता येतात आणि उलटल्याच पाहिजेत; टेबलातल्या नोंदी त्यांतल्या. तिसऱ्या त्या, ज्या एकदा घडल्या की घडल्या. त्याने उदाहरणं दिली ती पैसे देणाऱ्या यंत्राची आणि विमानाच्या पंखांची. कागदही याच तिसऱ्या रांगेतला. ट्रान्झॅक्शन चालू असतानाच ट्रिगरमधून चलन छापलं आणि मग रोलबॅक होऊन नोंदी मागे घेतल्या गेल्या, तर ज्या विक्रीची नोंद नाही तिचं चलन ड्रायव्हरच्या हातात. आधी कमिट करून, म्हणजे नोंदी पक्क्या करून, मग छापायला गेलं आणि मधेच सर्व्हर पडला, तर नोंद आहे आणि चलन नाही.

यातून बरा मार्ग एकच निघाला आणि तो पुन्हा रांगेचाच आहे, फक्त रांग डेटाबेसच्या आत आणायची. विक्रीची नोंद आणि ‘हे छापायचं आहे’ ही नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करायची; छापणारा वेगळा प्रोग्रॅम कमिट झालेल्याच नोंदी उचलतो. ओरॅकलमध्ये जुनं डीबीएमएस_जॉब हे पॅकेज इथे अचूक बसायचं, कारण त्याने टाकलेलं काम रोलबॅकबरोबर आपोआप नाहीसं व्हायचं. त्याच्या जागी आलेलं डीबीएमएस_शेड्यूलर काम तयार करतानाच कमिट करून टाकतं. नवं शक्तिमान पॅकेज सोडून जाणत्या लोकांनी या एका गुणासाठी जुनं धरून ठेवलं, आणि त्यांचं बरोबर होतं.

तरीही छापणारा प्रोग्रॅम दगावला तर काय, हे उरतंच. याचं मला पटलेलं उत्तर आपल्या रेल्वेने दिलं. संगणकीय आरक्षण १९८० च्या दशकाच्या मध्यावर दिल्लीत सुरू झालं, मग मुंबईसह इतर केंद्रांत पसरलं, आणि १९९९ मध्ये देशातली अशी पाचही केंद्रं एकमेकांना जोडली गेली. खिडकीवरच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला जो कागद लावतात त्यावर अनुक्रमांक आधीच छापलेला असतो. डेटाबेसमधलं तिकीट आणि हा कागदाचा नंबर यांची जोडी जुळावी लागते. कागद अडकला, तिकीट अर्धवट उमटलं, तर ते फेकून देता येत नाही. न दिलेलं तिकीट म्हणून त्याचा हिशेब लावावा लागतो आणि तो कागद जमा करावा लागतो. छपाईची बातमी परत आणायला इथे प्रिंटरवर विसंबलेलंच नाही. कागदालाच ओळख दिली आहे.

आरक्षण तक्त्याचं तर आणखी पुढचं. तक्ता तयार झाला की प्रतीक्षायादी गोठते. छापणं हाच तिथे निर्णयाचा क्षण होता. मार्च २०१८ पासून मोठ्या स्थानकांवर डब्यांना तक्ते चिकटवणं प्रायोगिक तत्त्वावर थांबलं, पण ‘चार्ट प्रिपेअर्ड’ ही अवस्था डेटाबेसमध्ये तशीच आहे आणि प्रवासी अजून तिच्याकडेच डोळे लावून असतात.

मराठी मजकुराचं दुखणं वेगळंच आहे आणि ते सोसलेल्यांनाच कळतं. ९१०० वर इंग्रजी बाइट पाठवले की प्रिंटरच्या पोटातला फाँट ते छापतो. ‘शिंदे’ पाठवलं तर युनिकोडची पाच चिन्हं, यूटीएफ-८ मध्ये पंधरा बाइट जातात, आणि साधा ऑफिस प्रिंटर त्या जागी निरर्थक खुणा उमटवतो. फाँट असला तरी भागत नाही: वेलांटी साठवली जाते श च्या नंतर आणि काढायची असते आधी. जोडाक्षरं जुळवावी लागतात. बाइट मोजून रकाने लावण्याची लाइन प्रिंटरपासूनची पद्धत इथे कोलमडते. डॉसच्या काळात पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डाने हे काम संगणकात बसवलेल्या कार्डावर घेतलं, आणि डीबेसमधली नावं देवनागरीत दिसू लागली, ही फार मोठी गोष्ट होती. आज मार्ग एकच: अक्षरं जुळवून पान आधीच रचायचं, पीडीएफ किंवा चित्र करायचं आणि तेच प्रिंटरला द्यायचं. म्हणजे डेटाबेस आणि प्रिंटर यांच्यात आणखी एक मध्यस्थ.

बोलीच्या बाजूने शेवटी गंभीर प्रयत्न झाला तो आयपीपीचा, म्हणजे इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉलचा. १९९९ मध्ये त्याची पहिली आरएफसी निघाली, त्याच वर्षी मायकेल स्वीट याचं कप्स हे छपाईचं सॉफ्टवेअर लोकांसमोर आलं आणि लिनक्स-मॅकवरची छपाई त्यावर उभी राहिली. पोर्ट ६३१. इथे कामाला क्रमांक मिळतो आणि तो क्रमांक देऊन नंतर कधीही विचारता येतं. उत्तर ठरलेल्या आकड्यांत येतं: ३ म्हणजे रांगेत, ५ म्हणजे चालू, ६ म्हणजे चालू होऊन थांबलं, ८ म्हणजे प्रणालीनेच सोडून दिलं, ९ म्हणजे पूर्ण. किती छाप झाले तेही. डेटाबेसमधल्या प्रोग्रॅमला हवं होतं ते हेच. तरी एक पळवाट त्या ठरावातच लिहून ठेवली आहे. पुढचं यंत्र परत काही कळवू शकत नसेल तर काम त्याच्या हवाली करून अवस्था ९ द्यावी आणि कारणात ‘यंत्राच्या रांगेत’ असं नोंदावं. म्हणून नुसता ९ वाचून ‘छापले’ असं लिहिणाऱ्या प्रोग्रॅमवर मी विश्वास ठेवत नाही; कारणाचा रकानाही वाचलाच पाहिजे.

गोदामांनी मात्र प्रिंटरच्या उत्तराची वाट बघणं सोडून दिलं आहे. झेब्राचे लेबल प्रिंटर विचारलं तर कागद संपला का, गठ्ठ्यातली किती लेबलं उरली, हे सांगतात, आणि तरीही जाणती मंडळी त्यावर थांबत नाहीत. लेबलावर बारकोड असतो. ते खोक्यावर चिकटवल्यावर कामगार हातातल्या स्कॅनरने वाचतो, आणि त्या वाचनानेच टेबलातली नोंद ‘छापायचं आहे’वरून ‘छापलं’वर जाते. लेबल निघालं, वाचण्याजोगं आहे आणि योग्य खोक्यावर आहे, हे तिन्ही एका वाचनात कळतं. ठरलेल्या वेळात ते वाचलं गेलं नाही, तर जुना क्रमांक रद्द होतो आणि नव्या क्रमांकाचं लेबल रांगेत जातं. मागाहून जुनं लेबल कुठे सापडलं आणि कुणी ते स्कॅन केलं, तर डेटाबेस ते नाकारतो.